जर्सी खरी कशावरून?

ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथील हेरिटेज या लिलावसंस्थेने राखाडी लोकरी कापडाची, छातीवर ‘न्यूयॉर्क’ अशी अक्षरे असलेली एक जुनी बेसबॉल जर्सी विकली. तिला किंमत आली दोन कोटी ४१ लाख २० हजार डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे दोनशे कोटी रुपये. क्रीडाविश्वातील कोणत्याही स्मृतिवस्तूला तोवर लिलावात एवढी रक्कम मिळालेली नव्हती.

ती जर्सी होती बेब रूथ याची. आपल्याकडे क्रिकेटच्या गप्पांत ब्रॅडमन आणि तेंडुलकर यांची नावे ज्या आदराने घेतली जातात, त्याच आदराने अमेरिकेत रूथचे नाव घेतले जाते. १ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे वर्षाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा तिसरा सामना सुरू होता. पाचव्या डावात ४-४ अशी बरोबरी असताना, प्रेक्षकांची आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंची हुर्यो झेलत रूथने हात उंचावून काहीतरी खूण केली आणि चार्ली रूट या पिचरने टाकलेला चेंडू मैदानाच्या मध्यभागावरून थेट सीमेपार भिरकावला. चेंडू कोठे जाणार हे त्याने आधीच बोट दाखवून सांगितले होते, अशी आख्यायिका तेव्हापासून रूढ झाली. रूट मात्र अखेरपर्यंत ती नाकारत राहिला. त्या खुणेचा अर्थ काय, याचा निकाल आजही लागलेला नाही. त्या वेळी रूथच्या अंगावर कोणती जर्सी होती, याचा निकाल मात्र लागला आणि दोनशे कोटी रुपये मोजले गेले ते या दुसऱ्या निकालापोटी.

हीच जर्सी २००५ मध्ये नऊ लाख ४० हजार डॉलरना विकली गेली होती. मधल्या काळात बाजारात तेजी आली, हे खरेच. रूथच्याच एका जुन्या जर्सीला २०१२ मध्ये ४४ लाख, तर दुसरीला २०१९ मध्ये ५६ लाख ४० हजार डॉलर मिळाले होते. तरीही पंचवीसपटींहून अधिक वाढीचा उलगडा केवळ तेजीने होत नाही. २०२४ च्या विक्रीपूर्वी तज्ज्ञांनी ही जर्सी त्या दिवशीच्या छायाचित्रांशी ताडून पाहिली होती. राखाडी कापडावरील अक्षरे, बटणे आणि शिवण यांची परस्परांशी असलेली जागा छायाचित्रात दिसते तीच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. वस्त्र तेच राहिले. पुराव्याचे वजन वाढले. प्रत्यक्ष सामन्यात वापरलेल्या जर्सींच्या साऱ्या व्यवहाराचे मर्म या एका वाक्यात आहे.

‘अस्सल’ या शब्दाचा घोळ

या छंदात नव्याने शिरणारा माणूस पहिल्यांदा फसतो तो शब्दांमुळे. अमेरिकेतील दुकानांत संघांच्या जर्सी विकायला असतात. त्यांतील स्वस्त प्रकार म्हणजे चाहत्यांसाठी केलेली नक्कल. महाग प्रकारावर ‘ऑथेंटिक’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ एवढाच, की खेळाडूंसाठी वापरतात त्याच प्रतीचे कापड आणि तशीच शिवण या जर्सीला आहे. ती कोणा खेळाडूने अंगात घातली, असा तिचा दावा नसतो. तिसरा प्रकार संघाने खेळाडूच्या नावाने शिवून घेतलेल्या, पण मैदानात कधी न उतरलेल्या जर्सींचा. त्या खेळाडूच्या मापाच्या असतात, त्यांवर त्याचा क्रमांक असतो, आतली पट्टीही असते. नसतो तो सामना. या सर्वांनंतर येते ती प्रत्यक्ष सामन्यात वापरलेली जर्सी.

दुसऱ्या आणि चौथ्या प्रकारातील अंतर उघड्या डोळ्यांना जवळपास दिसत नाही. किमतीतील अंतर मात्र शेकडो, प्रसंगी हजारो पटींचे असते. जेथे अंतर दिसत नाही आणि मोल मात्र भरमसाट मिळते, तेथे लबाडी आलीच. दुकानातून जर्सी आणायची, तिच्यावर हवा तो क्रमांक शिवायचा, चार वेळा धुवायची, मातीत लोळवायची, खरखरीत कागदाने घासायची आणि ‘सामन्यात वापरलेली’ म्हणून विकायची, एवढीच ती कृती. २०११-१२ च्या सुमारास इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथील संघीय न्यायालयात अशा विक्रेत्यांवर खटले चालले आणि अनेकांनी गुन्हा कबूल केला. त्यांच्या गिऱ्हाइकांत हौशी संग्राहक होते, तसेच खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे छापणारे उद्योगही होते.

कार्डांचा हा प्रकार आपल्याकडील वाचकांना अपरिचित असेल. जर्सीचे लहान लहान तुकडे करून ते कार्डात बसवायचे आणि ती कार्डे पाकिटांतून विकायची, ही प्रथा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. २००३ मध्ये डॉनरस या उद्योगाने रूथची एक जर्सी सुमारे दोन लाख ६४ हजार डॉलरना घेऊन तिच्यावर कात्री चालवली, तेव्हा संग्राहकांत संताप उसळला होता. तो संताप रास्त होता, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तुकडे झालेल्या जर्सीची पुन्हा तपासणी करता येत नाही. तुकड्यावर शिवण नसते, पट्टी नसते, क्रमांक नसतो. उरतो तो केवळ विकणाऱ्याचा शब्द.

कापडाची साक्ष

पैठणी घेताना जाणकार बाई पदर उलटा करून पाहते. हातमागाच्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेही सुलट्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरील नकलेत मागच्या बाजूला धागे लोंबतात. जर्सीची तपासणीही अशीच आतून सुरू होते. समोरची अक्षरे आणि पाठीवरचा क्रमांक सर्वांनाच दिसतो, म्हणून बनावट माल करणाराही सारे कसब तेथेच खर्च करतो. आतली बाजू, गळ्याची पट्टी, खालची कड, टाक्यांची जात यांकडे त्याचे दुर्लक्ष होते.

पहिला प्रश्न असतो तो काळाचा. जर्सी ज्या वर्षाची म्हणून विकली जात आहे, त्या वर्षी ती तशी असणे शक्य होते काय? येथे काही तारखा उपयोगी पडतात. बेसबॉलमध्ये १९७० पर्यंत लोकरी फ्लॅनेलचे राज्य होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये पिट्सबर्गचा संघ नव्या मैदानावर उतरला तो ताणल्या जाणाऱ्या विणीव कृत्रिम कापडात, आणि पाहता पाहता फ्लॅनेल इतिहासजमा झाले. पाठीवर कायमचे क्रमांक घालण्यास न्यूयॉर्क यांकीज संघाने १९२९ मध्ये सुरुवात केली. फलंदाजीच्या क्रमानुसार रूथला ३ आणि लू गेरिगला ४ हा क्रमांक मिळाला, तो त्या वेळचा. पाठीवर खेळाडूचे आडनाव आणले शिकागो व्हाइट सॉक्सने, १९६० मध्ये. यांकीजनी मात्र आजतागायत आडनाव घातलेले नाही. तेव्हा सामन्यात वापरलेली म्हणून यांकीजची आडनावासह जर्सी कोणी पुढे केली, तर पुढचे काही तपासण्याचे कारणच उरत नाही.

बाहीवरील बिल्लेही असेच बोलके असतात. १९३९ मध्ये बेसबॉलच्या शताब्दीनिमित्त सर्व संघांच्या बाहीवर एक खास बिल्ला होता. १९९७ मध्ये जॅकी रॉबिन्सनच्या पदार्पणास पन्नास वर्षे झाली, त्याचाही बिल्ला होता. असा बिल्ला पुढे उसवून काढला गेला, तरी सुईची भोके राहतात आणि त्याखालचे कापड भोवतालच्या कापडापेक्षा कमी विटलेले असते. १९३९ ची म्हणून दाखवलेल्या जर्सीच्या बाहीवर बिल्ला नाही आणि त्याची सावलीही नाही, असे आढळले की जाणकार ती बाजूला ठेवतो.

शिवणाऱ्याचे नावही पाहावे लागते. पूर्वी प्रत्येक संघ आपला पुरवठादार निवडत असे. स्पाल्डिंग, विल्सन, रॉलिंग्ज ही त्यांतील परिचित नावे. पुढे मेजर लीगने एकत्रित करार करण्यास आरंभ केला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस रॉलिंग्ज, १९९२ पासून अनेक संघांच्या अंगावर रसेल, २००५ पासून मॅजेस्टिक आणि २०२० पासून नाईकीचे चिन्ह, असा हा क्रम आहे. अलीकडच्या जर्सीवर नाईकीचे चिन्ह असले, तरी शिवण्याचे काम फॅनॅटिक्स या उद्योगाकडे गेले. प्रत्येकाच्या पट्टीचा आकार, रंग, धुलाईच्या सूचनांची भाषा आणि पट्टी शिवण्याची जागा वर्षागणिक बदलत गेली. अनुभवी संग्राहक शंकारहित जर्सींच्या पट्ट्यांची छायाचित्रे वर्षवार लावून ठेवतात. कंटाळवाणे वाटणारे हे काम बहुतेक नकलांचा निकाल पाच मिनिटांत लावते.

फ्लॅनेलच्या काळात खेळाडूचे नाव अनेकदा गळ्याच्या आत किंवा खालच्या कडेवर साखळी टाक्याने भरलेले असे. नाव भरलेले दिसले की खरेदीदाराचा जीव भांड्यात पडतो. पण येथेच सावध राहिले पाहिजे. तो टाका घालणारी जुनी यंत्रे आजही चालतात. म्हणून धागा पाहावा लागतो. अंधाऱ्या खोलीत जर्सीवर जंबुपार किरणांचा दिवा धरला, तर कृत्रिम धागे आणि कापड पांढरेशुभ्र दिसावे म्हणून घातलेली आधुनिक रसायने निळसर चमकतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या लोकरी जर्सीवर एकच नाव तेवढे लख्ख चमकू लागले, तर ते नंतर भरलेले आहे असे समजावे. अर्थात, उलट चूकही होऊ शकते. घरातल्या कोणी भाबडेपणाने ती जुनी जर्सी आजच्या साबणाच्या भुकटीत धुतली असेल, तर अख्खी जर्सी चमकेल आणि तरीही ती खरी असेल. दिवा प्रश्न उपस्थित करतो. उत्तर इतर खुणांतून शोधावे लागते.

आणखी एक गुंता जुन्या काळच्या काटकसरीने करून ठेवला आहे. त्या काळी हंगाम संपला की जर्सी कपाटात जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. त्या संघाच्या खालच्या श्रेणीतील संघांकडे किंवा सराव शिबिरात पाठवल्या जात. तेथे छातीवरचे नाव उसवून दुसरे लावले जाई, पाठीवरचा क्रमांक बदलला जाई आणि कापड फाटेपर्यंत कोणीतरी होतकरू मुलगा ती वापरत असे. अशा जर्सीवर आज मूळ अक्षरे पुन्हा बसवलेली असतात. ही लबाडी नव्हे, दुरुस्ती आहे, मात्र ती सांगितली गेली पाहिजे. मूळ अक्षरांची भोके नव्या अक्षरांच्या कडांशी जुळतात का, विटलेल्या कापडातील सावलीचा आकार तोच आहे का, हे पाहिल्यावाचून अशा जर्सीविषयी बोलू नये.

डाग, घाम आणि झीज

सर्वसामान्य खरेदीदाराला सर्वांत भुरळ पडते ती डागांची. माती लागलेली, चुरगळलेली जर्सी ‘वापरलेली’ वाटते. प्रत्यक्षात सर्वांत सहज बनावट करता येणारा पुरावा हाच. म्हणून डाग आहेत का, यापेक्षा ते कोठे आहेत हे महत्त्वाचे ठरते. बेसबॉलमधील फलंदाज हातांची पकड घट्ट राहावी म्हणून बॅटच्या दांड्याला पाइन टार हा काळा चिकट राळ लावतात. आपली पाळी येईपर्यंत बॅट खांद्यावर टेकवून उभे राहण्याची अनेकांची सवय असते. त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या सहसा उजव्या खांद्यावर काळपट खुणा उमटतात. रिकी हेन्डरसन हा धावता धावता पोटावर सूर मारून तळ गाठण्यासाठी प्रसिद्ध होता. त्याच्या जर्सीची छाती निर्मळ आणि पाठ मळलेली असेल, तर भुवया उंचावल्याच पाहिजेत. पिचरची जर्सी वेगळ्या ठिकाणी झिजते, यष्टिरक्षकासारखे काम करणाऱ्या कॅचरची आणखी वेगळ्या. थोडक्यात, जर्सीच्या मालकाची खेळण्याची लकब ठाऊक असल्याशिवाय झीज वाचता येत नाही.

यातही काळाचे भान हवे. मेजर लीगमधील प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. जुन्या काळी खेळाडूकडे मोजक्याच जर्सी असत, त्या महिनोन्‌महिने अंगावर राहत आणि दिसायलाही तशाच दिसत. आजच्या खेळाडूला अनेक जर्सी मिळतात, कृत्रिम कापड झिजत नाही आणि संघाचे कर्मचारी डाग काढण्यात वाकबगार असतात. त्यामुळे अगदी कोरी वाटणारी आजची जर्सी खरी असू शकते आणि फार दमलेली दिसणारी संशयास्पद.

छायाचित्राशी जुळणी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या क्षेत्राचा चेहरामोहरा बदलला तो छायाचित्र-जुळणीमुळे. तिच्यामागची कल्पना साधी आहे. कापड ठाणावरून बेतले जाते, अक्षरे आणि क्रमांक वेगळे शिवले जातात. यांकीजच्या घरच्या मैदानावरील जर्सीला उभ्या बारीक रेघा असतात. ठाणातून तुकडा कापताना रेघ नेमकी कोठे येईल हे कोणी मोजत बसत नाही. त्यामुळे खांद्याच्या शिवणीपाशी दोन बाजूंच्या रेघा एकमेकींना कोठे भेटतात, पाठीवरच्या आकड्याच्या कडेला कोणती रेघ किती अंतरावर चिकटते, पहिले बटण कोणत्या रेघेवर बसले आहे, हे प्रत्येक जर्सीत निराळे असते. बोटांच्या ठशांसारखाच हा प्रकार. आधुनिक जाळीदार कापडात रेघांचे काम छिद्रे करतात: अक्षराच्या टोकाखाली छिद्र अर्धे झाकले गेले आहे की पूर्ण, हेही मोठ्या केलेल्या छायाचित्रात दिसते.

रूथची ती जर्सी परक्या मैदानावर वापरायची, म्हणून राखाडी होती. तिच्यावर रेघा नव्हत्या. साहजिकच तेथे सारा भार अक्षरांच्या आणि बटणांच्या परस्पर जागेवर पडला. १९३२ चे कृष्णधवल छायाचित्र आणि नव्वद वर्षांनंतरचे वस्त्र यांची अशी गाठ घालणे किती जिकिरीचे, याची कल्पना करता येईल. या जर्सीच्या पाठीशी आणखी एक आधार होता. रूथने ती १९४० च्या सुमारास फ्लोरिडातील आपल्या एका गोल्फमित्राला भेट दिली होती आणि पुढे कित्येक दशके ती त्याच कुटुंबात राहिली.

जुळणीच्या नावाखाली दोन वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. छायाचित्रातील खेळाडूने ‘अशा प्रकारची’ जर्सी घातली होती, एवढेच सिद्ध करणारी तुलना ही शैलीची जुळणी होय. तिचा अर्थ, जर्सी त्या वर्षाच्या नमुन्याशी विसंगत नाही. ‘हीच’ जर्सी होती, असे म्हणण्यासाठी त्या एकाच वस्त्रात असू शकतील अशा खुणा जुळाव्या लागतात. एक नव्हे, अनेक. विक्रेत्याने छायाचित्र दाखवले की समाधान मानणारे पुष्कळ असतात. छायाचित्रात नेमके काय जुळले आणि दुसऱ्या कोणत्याही जर्सीत ते का असू शकत नाही, हे विचारणारे थोडे.

डागांचा खरा उपयोगही येथेच होतो. शिवण आणि रेघा जर्सीची ओळख पटवतात, पण ती त्या हंगामात चाळीस सामन्यांत वापरली गेली असेल. धुलाईत न गेलेला मातीचा फराटा किंवा उसवलेला टाका अमुक दिवशीच्या छायाचित्रात दिसला आणि आदल्या दिवशीच्या छायाचित्रात दिसला नाही, तर त्या दिवसाचीच निश्चिती होते. नेमका विक्रमाचा किंवा अंतिम सामना हाती लागणे म्हणजे काय, हे किमतीच सांगतात.

ताब्याची साखळी

ही सारी धडपड भूतकाळाविषयी झाली. वर्तमानाची सोय मेजर लीगने २००१ मध्ये केली. त्याआधी अमेरिकेची तपासयंत्रणा एफबीआय हिने ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने बनावट स्वाक्षऱ्यांच्या टोळ्यांवर धाडी घातल्या होत्या. सॅन डिएगोचा नामवंत फलंदाज टोनी ग्वीन याला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्याच नावाच्या खोट्या स्वाक्षऱ्या आढळल्या, ही त्या काळातील बहुचर्चित हकिगत. त्यानंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत प्रत्येक सामन्याला प्रमाणक हजर असतो. बहुतेक प्रमाणक पोलीस खात्यातील आजी-माजी अधिकारी असतात. वस्तू मैदानातून बाहेर येताना त्याने स्वतः पाहिली पाहिजे, हा मूळ नियम. मग तिच्यावर स्वतंत्र क्रमांकाची चकाकती होलोग्राम पट्टी लागते आणि त्या क्रमांकाची नोंद संगणकावर होते. पट्टी काढण्याचा प्रयत्न केला की ती फाटते आणि मागे खूण ठेवते. दरवर्षी लाखो वस्तूंना ती लावली जाते.

नियम किती कडक, याचे उदाहरण चेंडूचे. प्रेक्षकांत गेलेला चेंडू प्रमाणकाच्या नजरेआड झाला की एरवी त्याला पट्टी मिळत नाही, मग तो झेलणारा कितीही सज्जन असो. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायर विक्रमाच्या उंबरठ्यावर होता, तेव्हा त्याला टाकल्या जाणाऱ्या चेंडूंवर आधीच गुप्त खुणा केल्या गेल्या होत्या, त्या याच अडचणीपोटी.

या पट्टीविषयीही एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पट्टी म्हणजे ‘सामन्यात वापरलेली’ असा शिक्का नव्हे. स्वाक्षरी केलेल्या कोऱ्या चेंडूवर ती असते, संघाने केवळ शिवून घेतलेल्या जर्सीवरही असू शकते. पट्टीचा क्रमांक मेजर लीगच्या नोंदीत टाकून तेथील वर्णन शब्दशः वाचले पाहिजे. वापर, खेळाडू, तारीख यांपैकी जे तेथे नाही, ते विक्रेत्याच्या जाहिरातीत असले तरी नाहीच, असे समजावे. २००१ पूर्वीच्या सामन्यांसाठी तर या व्यवस्थेचा उपयोगच नाही. तेथे कापड, छायाचित्र आणि कुटुंबात जपलेली पत्रे यांवरच मदार.

कागद काय म्हणतो?

बाजारात जर्सीसोबत बहुधा एक प्रमाणपत्र येते. ते लिहिणाऱ्या संस्था आणि व्यक्ती अनेक आहेत. त्यांपैकी मिअर्स ही संस्था वस्त्राला गुण देते. ‘ए-१०’ ही सर्वोच्च श्रेणी. अशी श्रेणी उपयुक्त असते, कारण गुण कशासाठी कापले हे तिच्यासोबत लिहिलेले असते. पुष्कळशी प्रमाणपत्रे मात्र चार ओळींची असतात आणि त्यांची भाषा वकिली असते. ‘तपासणीत आढळलेल्या बाबी त्या काळातील वापराशी सुसंगत आहेत’ या वाक्याचा अर्थ ‘ही जर्सी त्याने घातली होती’ असा नाही. पहिले वाक्य दुकानातून आणलेल्या चांगल्या नकलेलाही लागू पडू शकते. तपासणी करणाऱ्याला शुल्क कोण देतो, हा प्रश्नही विचारावा. तो विक्रेताच असेल, तर मत खोटे ठरत नाही, पण ते एका पक्षाचे मत असते.

खुद्द खेळाडूचे पत्र तरी निर्णायक मानावे काय? तीस वर्षांपूर्वी आपण घातलेल्या शेकडो जर्सींपैकी ही एक होती, असे कोणी मनःपूर्वक सांगितले, तरी ती आठवण आहे, ओळख नव्हे. सामना संपताच जर्सी उतरवून दिली आणि त्याच वेळी पत्र लिहिले, तर गोष्ट वेगळी.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले आता बेसबॉल पाहत वाढली आहेत. पहिली जर्सी घ्यायची इच्छा असलेल्यांनी नामांकित खेळाडूच्या मागे न लागता आपल्या शहरातील संघाच्या साध्या खेळाडूची जर्सी, मेजर लीगच्या पट्टीसह, थेट संघाकडून घ्यावी. अशा जर्सी तुलनेने माफक दरात मिळतात, आणि खोट्या खेळाडूला कोणी नक्कल करण्याच्या लायकीचा समजत नाही, तसा साध्या खेळाडूच्या जर्सीची नक्कल करण्यात कोणाला फारसा नफा नसतो. ती घरी आणून उलटी करावी, पट्टी, टाके, रेघा निरखाव्यात, त्या खेळाडूची छायाचित्रे शोधून स्वतः जुळणी करून पाहावी. डोळा तयार होतो तो असा. मोठी खरेदी करायची झाल्यास, जर्सी खोटी निघाली तर मुदतीची अट न घालता पैसे परत मिळतील, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जो ते द्यायला कचरतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

खरी, पण कोणाची?

जर्सी खरी ठरली म्हणजे सारे प्रश्न मिटले, असेही नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्क शहरात पहिला बेसबॉल सामना झाला तो २१ सप्टेंबर रोजी, शे स्टेडियमवर. मेट्स विरुद्ध अटलांटा. आठव्या डावात माइक पियाझाने मारलेल्या होम रनने मेट्सनी ३-२ असा विजय मिळवला. दहा दिवस शोकात बुडालेल्या त्या शहराने त्या रात्री प्रथमच मनमोकळा जल्लोष केला, असे तेथील लोक आजही सांगतात. त्या रात्रीची पियाझाची जर्सी पुढे मेट्स संघानेच खासगीरीत्या विकून टाकली होती. २०१६ मध्ये ती लिलावात आली, तेव्हा तिच्या खरेपणाविषयी वाद नव्हता. वाद होता ती विकायलाच कशी दिली, याचा. खुद्द पियाझाने नाराजी व्यक्त केली आणि संघव्यवस्थापनाने चूक मान्य केली. अखेर तीन जणांनी मिळून तीन लाख ६५ हजार डॉलर मोजून ती घेतली. कूपर्सटाउनचे बेसबॉल संग्रहालय, ११ सप्टेंबरचे स्मारक संग्रहालय आणि मेट्सचे सिटी फील्ड मैदान येथे ती लोकांना पाहता यावी, अशी व्यवस्था त्यांनी त्या वेळी केली. कूपर्सटाउनचे संग्रहालय स्वतः वस्तू विकत घेत नाही. तेथे येते ते देणगी म्हणून किंवा उसनवारीने.